मर्ल ओबेरॉनचा जन्म कुठे झाला? संदर्भ मोजणं आणि संदर्भ तपासणं

जानेवारी २०२३ मध्ये ऑस्करची नामांकनं जाहीर झाली. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' या चित्रपटासाठी मिशेल यो हिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. त्या बातम्यांमध्ये एक अवघडलेलं वाक्य फिरत होतं. 'हे नामांकन मिळालेली पहिली आशियाई अभिनेत्री' असं सरळ न लिहिता काही ठिकाणी 'स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली अभिनेत्री' असं लिहिलं गेलं. लोकांनी त्याची टिंगलही केली. म्हणवणारी म्हणजे काय? ती आहेच ना आशियाई!

पण ते 'स्वतःला म्हणवणारी' कुणीतरी विचार करून घातलं होतं, आणि त्यामागचं कारण आपल्या मुंबईत जन्मलेलं आहे. त्या कारणाचं नाव मर्ल ओबेरॉन. 'द डार्क एंजल' या १९३५ च्या चित्रपटासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन होतं. पुरस्कार १९३६ मध्ये दिले गेले आणि तो बेटी डेव्हिसला गेला. म्हणजे मिशेल योच्या तब्बल ८७ वर्षं आधी एक आशियाई वंशाची अभिनेत्री त्या यादीत बसलेली होती. फक्त ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, आणि तिनं शेवटपर्यंत उघडपणे मान्य केलं नाही.

तुम्ही म्हणाल, रिसर्चबद्दल लिहिणाऱ्या मुलीला एकदम जुनं हॉलिवूड कुठून सुचलं? तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेट देऊन आता सिनॉप्सिसच्या तयारीत असाल. 'लिटरेचर रिव्ह्यू कसा करायचा' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. त्याचं उत्तर बँड गॅप आणि एक्स-रेच्या उदाहरणांनी देऊन पाहिलं. पदार्थविज्ञानवाले सोडून बाकीचे पळाले. मर्लची गोष्ट मात्र कुठल्याही विषयाच्या विद्यार्थ्याला कळेल. प्रश्न अगदी साधा आहे: ही बाई जन्मली कुठे?

आधी जुनं, छापील उत्तर. तिच्या हयातीत सिनेमावाल्या मासिकांमध्ये आणि संदर्भग्रंथांमध्ये तिचं जन्मस्थान ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरचं होबार्ट शहर असं दिलेलं असे. गोष्ट साधारण अशी होती: वडील मोठ्या हुद्द्याचे ब्रिटिश गृहस्थ, शिकारीतल्या अपघातात वारले, मग मुलीला भारतात खानदानी नातलगांकडे पाठवलं, तिथून ती इंग्लंडला आली. जन्माची नोंद पाहायला मिळेल का? नाही, ती कागदपत्रं आगीत जळाली.

या गोष्टीची बांधणी जरा निरखून बघा, कारण अशीच बांधणी तुम्हाला पेपरांमध्येही भेटणार आहे. मुलगी भारतात वाढलेली होती, तिला ओळखणारे लोक कलकत्त्यात आणि मुंबईत होते, हे लपणं शक्य नव्हतं. म्हणून भारत गोष्टीतून काढून न टाकता आत सामावून घेतला. आणि मूळ दावा तपासण्याची एकमेव जागा, म्हणजे जन्माचं रजिस्टर, ती जळून गेली. गैरसोयीच्या निरीक्षणासाठी एक जोड-स्पष्टीकरण, आणि तपासणीची वाटच बंद. पॉपर वाचला असेल तर तुम्ही लगेच कान टवकाराल. नसेल वाचला तरी हरकत नाही. एवढं विचारायला शिका: हा दावा चुकीचा असता, तर ते मला कशावरून कळलं असतं? 'कशावरूनच नाही' असं उत्तर आलं, तर पुढे जाऊ नका.

आता आज आपल्याला जे माहीत आहे ते. १९ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईत एक मुलगी जन्मली. नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन. लाडाचं नाव क्वीनी. त्याच वर्षी डिसेंबरात पंचम जॉर्ज आणि राणी मेरी मुंबईत उतरले (ज्याची आठवण म्हणून पुढे गेटवे ऑफ इंडिया उभं राहिलं), आणि 'क्वीनी' हे नाव त्या राणीवरून पडलं असं सांगतात. वडील आर्थर थॉम्पसन, इंग्लंडातल्या डार्लिंग्टनचे, इथं रेल्वेत इंजिनिअर. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि परत आले नाहीत. आई म्हणून जिनं तिला वाढवलं ती शार्लट सेल्बी, मूळची सिलोनची, मिश्र वंशाची. १९१७ मध्ये मायलेकी कलकत्त्याला गेल्या. ला मार्टिनियर या शाळेत मर्ल काही काळ होती. तिथं तिच्या आईबापांवरून टोमणे मारले जात म्हणून शाळा सुटली. मग टेलिफोन ऑपरेटरची नोकरी, हौशी नाटकं, फिर्पोसारख्या हॉटेलातला वावर. १९२० च्या दशकाच्या शेवटी ती शार्लटला घेऊन युरोपात गेली. लंडनमध्ये क्लबमध्ये होस्टेस, चित्रपटांत किरकोळ कामं, आणि मग निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाची नजर पडली. 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' (१९३३) मध्ये ॲन बोलिनची छोटी भूमिका, पुढच्या वर्षी 'द स्कार्लेट पिंपर्नेल', आणि तिथून सरळ हॉलिवूड. 'ओब्रायन'चं 'ओबेरॉन' झालं, आणि मुंबईचं होबार्ट.

होबार्टच का? टास्मानिया ब्रिटिश, गोरं मानलं जाणारं, आणि लंडन-अमेरिकेपासून इतकं लांब की कुणी चौकशीला जाणार नाही. हे डोकं कोर्डाच्या प्रसिद्धी विभागाचं.

लपवण्याची गरज का पडली हे समजून घेतल्याशिवाय 'खोटं बोलली' असा शिक्का मारू नका. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा भाग, भारतासकट, स्थलांतरासाठी बंद केला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता 'गोरा' नाही, असा निकाल दिला. (हे थिंद म्हणजे आपले क्रांतिकारक भगतसिंग नव्हेत, गल्लत नको.) भारतीयांना नागरिकत्व मिळण्याची सोय १९४६ मध्ये झाली, तीही वर्षाला १०० जणांच्या स्थलांतर कोट्यासकट. दुसरीकडे हॉलिवूडची स्वतःची आचारसंहिता होती. १९३० मध्ये लिहिलेली, १९३४ पासून कडकपणे लागू केलेली. गोऱ्या आणि काळ्या वंशांमधले शारीरिक संबंध दाखवायचे नाहीत, असं त्यात कलम होतं, आणि स्टुडिओ ते कलमापेक्षाही सैल ताणून वापरत. 'द गुड अर्थ' (१९३७) या चीनमधल्या शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीत मुख्य स्त्रीभूमिका ॲना मे वाँग या चिनी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीला मिळाली नाही. नायक गोरा नट होता, म्हणून नायिकाही गोरी: लुइझी रायनर. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. ॲना मे वाँग मर्लपेक्षा आधीपासून काम करत होती, प्रसिद्ध होती, आणि स्वतःच्या नावानं वावरत होती. तिच्या वाट्याला काय आलं ते मर्लच्या डोळ्यांसमोर होतं. तिच्यापुढचा पर्याय 'खरं की खोटं' असा नव्हताच. नायिका व्हायचं की नाही, एवढाच होता.

बरं, आता आपल्या कामाचा मुद्दा. समजा तुम्ही १९६० मध्ये हॉलिवूडवर प्रबंध लिहिताय. मर्लच्या जन्मस्थानासाठी तुम्ही चांगल्या विद्यार्थ्यासारखे बरेच संदर्भ जमवता. चित्रपट-वार्षिकं, वृत्तपत्रातल्या मुलाखती, चरित्रकोश. सगळे होबार्ट म्हणतात. तुम्ही खूश, गाइड खूश. पण हे सगळे लोक होबार्टला जाऊन आले होते का? वृत्तपत्रानं स्टुडिओच्या पत्रकावरून घेतलं, वार्षिकानं वृत्तपत्रावरून, कोशानं वार्षिकावरून. आणि मुलाखतीत बोलणारी स्वतः मर्ल. माणसं बदलली, तोंड एकच. दहा संदर्भ दिसतात, पण मोजायला गेलं तर एकच आहे.

हे मला स्वतःला फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी मी माझ्या रिव्ह्यूच्या प्रकरणात एका ऑक्साइडचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक दिला होता आणि त्याखाली थाटात सहा पेपरांचे नंबर टाकले होते. सल्लागार समितीच्या बैठकीत एका सरांनी शांतपणे विचारलं, "यातला मोजलाय कुणी?" मी म्हटलं, सर, सहाही जणांनी दिलाय. ते म्हणाले, "दिलाय कुणी, हे नाही विचारलं." घरी येऊन सहाही पेपरांचे संदर्भ मागे मागे नेले. चार थेट एका जुन्या पेपरपाशी पोचले, उरलेले दोन त्या चारांपैकी एकाकडे बोट दाखवत होते. आणि त्या जुन्या पेपरात मोजमाप एकसंध स्फटिकावर केलेलं होतं. मी काम करत होते नॅनोमीटर जाडीच्या थरांवर, जिथं तो आकडा तसाच लागू पडेल असं मानता येतच नाही. सहा महिने मी त्या आकड्यावर आलेख काढत होते.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे: प्रत्येक महत्त्वाच्या आकड्यापुढे वहीत दोन गोष्टी लिहायच्या. मला कुठे मिळाला, आणि जन्मला कुठे. या दोन रकान्यांत बहुतेक वेळा वेगवेगळी नावं येतात. गूगल स्कॉलरवर 'इतक्यांनी संदर्भ दिला' हा आकडा बघून पेपरची उंची ठरवणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा करून बघावा.

मर्लच्या बाबतीत दुसरा रकाना भरला कसा? ती २३ नोव्हेंबर १९७९ ला कॅलिफोर्नियात वारली. १९८३ मध्ये चार्ल्स हायम आणि रॉय मोझली यांचं 'प्रिन्सेस मर्ल' हे चरित्र आलं आणि मुंबईचा जन्म, मिश्र वंश, हे सगळं जगजाहीर झालं. चरित्रकारांनी तिच्या कुटुंबातल्या लोकांना गाठलं होतं. त्यात टोरंटोत राहणारा हॅरी सेल्बी होता. वाटलं, चला, प्रश्न सुटला.

पण हॅरीनं चरित्रकारांना एक गोष्ट सांगितली नव्हती. त्यानं मुंबईच्या सरकारी नोंदींमधून मर्लचा जन्मदाखला काढला होता, आणि त्यावर आईचं नाव शार्लट नव्हतं. कॉन्स्टन्स होतं. कॉन्स्टन्स म्हणजे शार्लटची मुलगी, जी मर्लची मोठी बहीण म्हणून वाढली, आणि हॅरीची स्वतःची आई. मर्ल जन्मली तेव्हा कॉन्स्टन्स स्वतः नुकतीच वयात आलेली पोर होती. म्हणजे मर्लला वाढवणारी 'आई' खरं तर आजी, आणि हॅरी तिचा सावत्र भाऊ. तो तिला भेटायला लॉस एंजेलिसला गेला होता. तिनं भेट नाकारली. ही माहिती त्यानं बरीच वर्षं स्वतःजवळ ठेवली आणि शेवटी ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका मारी डेलोफ्स्की हिला दिली. तिचा 'द ट्रबल विथ मर्ल' हा माहितीपट २००२ मध्ये आला.

इथं थांबून एक गोष्ट नोंदवा. १९८३ चं पुस्तक जुनी चूक दुरुस्त करणारं होतं, आणि तेच पुस्तक आईच्या बाबतीत चुकलं. एखादा स्रोत मोठ्या प्रश्नावर बरोबर निघाला की त्याच्या बाकी सगळ्या वाक्यांवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. तसं करायचं नसतं. विश्वास वाक्यावर ठेवायचा, पुस्तकावर नाही. मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तर आणखी एक धडा आहे: बोलणारा माणूस खोटं न बोलताही तुम्हाला चुकवू शकतो, फक्त गप्प राहून.

'पण दाखला आहे ना, मग संपलं!' असं नका म्हणू. दाखलासुद्धा कुणीतरी, कुठल्यातरी कामासाठी लिहिलेला असतो. आपल्याकडे किती आजोबांची जन्मतारीख १ जून आहे ते आठवा. शाळेत नाव घालायला नेलं, गुरुजींनी वय विचारलं, बापाला तारीख माहीत नव्हती, गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली. पुढे तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच पेन्शनच्या कागदावर, तीच आधारवर. पाच सरकारी कागद, सगळे एकमुखानं १ जून. खोटा कुणीच नाही, आणि तारीख कुणालाच माहीत नाही.

मग मर्लच्या दाखल्याला जास्त वजन का द्यायचं? एक तर तो घटनेच्या वेळचा आहे. आठवणीतून नंतर लिहिलेला नाही. दुसरं, तो लिहिला गेला तेव्हा ही मुलगी पुढे नटी होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे जन्मस्थान फिरवण्याचं कुणाला काही कारण नव्हतं. तिसरं मला सगळ्यात पटतं: घराला जे लपवायचं होतं, म्हणजे कॉन्स्टन्सचं आईपण, तेच त्यावर उघडं पडलंय. सांगणाऱ्याच्या सोयीच्या विरुद्ध जाणारी नोंद सहसा दमदार असते. हे प्रयोगशाळेतही खरं आहे. स्वतःच्या सिद्धांताला अडचणीत आणणारा आकडा ज्या माणसानं पेपरात प्रामाणिकपणे दिलाय, त्याचे बाकीचे आकडे मी जरा निर्धास्तपणे वापरते.

इतिहासाकडच्या विद्यार्थ्यांसाठी एक कामाची माहिती. ब्रिटिश काळातल्या युरोपीय आणि अँग्लो-इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचे बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. मुंबई इलाख्याच्या नोंदी वेगळ्या मालिकेत लावलेल्या आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख, आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा व्यवसाय असं बरंच असतं. म्हणजे 'कागद होबार्टच्या आगीत जळाले' असं कुणी म्हणालं तरी मुंबईच्या जन्माचे कागद दोन खंडांत शोधता येत होते. शोधायला कुणी गेलं नाही, कारण प्रश्नच कुणाला पडला नव्हता. सगळ्या पुस्तकांत उत्तर होतं ना!

टास्मानियाच्या लोकांचं काय झालं हा डेलोफ्स्कीच्या माहितीपटाचा मला सर्वात आवडलेला भाग. त्यांनी मर्लला आपली मानलेलं होतं. नुसतं मानलंच नाही, तर तिथं एक स्वतंत्र लोककथाही तयार झाली होती: ती सेंट हेलेन्स गावाच्या एका चिनी वंशाच्या हॉटेल-कामगार बाईची मुलगी, लहानपणीच दुसऱ्यांच्या हवाली केलेली. बघा, स्टुडिओच्या गोष्टीतलं ठिकाण त्यांनी ठेवलं, पण तिच्या चेहऱ्यावरून त्यांना जे दिसत होतं त्याचं उत्तर स्वतःच शोधलं. जन्मदाखल्यापुढे ही कथा टिकत नाही. पण 'अडाणी लोक, काहीही बोलतात' म्हणून ती फेकूनही देऊ नये. मर्लच्या जन्माबद्दल ती काही सांगत नाही. टास्मानियात मुलं कशी दुसऱ्यांना दिली जात, कुठल्या गोष्टी कुजबुजत सांगितल्या जात, याबद्दल मात्र बरंच सांगते. एका प्रश्नासाठी निरुपयोगी पुरावा दुसऱ्या प्रश्नासाठी अस्सल असू शकतो. १९७८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मर्ल होबार्टला गेली. महापौरांनी स्वागतसमारंभ ठेवला होता. तिथं पोचल्यावर तिनं आपला जन्म इथला नाही असं सांगितलं आणि मग बरं नाही म्हणून निघून गेली. जमलेल्या लोकांची तोंडं कशी झाली असतील ते तुम्हीच कल्पना करा.

या सगळ्यात तिचं काम बाजूला पडतं, आणि ते बरोबर नाही. 'वदरिंग हाइट्स' (१९३९) बघितला नसेल तर बघा. दिग्दर्शक विल्यम वायलर, हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए, कॅथी मर्ल. एमिली ब्राँटेच्या मूळ कादंबरीत हीथक्लिफ हा सावळा, कुठून आला ते माहीत नसलेला पोर आहे. तो लस्कर, म्हणजे पौर्वात्य खलाशाचा मुलगा असावा, असाही तर्क एक पात्र करतं. पडद्यावर झालं भलतंच. तो 'परका' हीथक्लिफ झाला अस्सल इंग्रज नट, आणि यॉर्कशायरची गोरी कॅथी झाली मुंबईची पोरगी. 

मग ते 'ओबी' प्रकरण, ज्यात आमच्या पदार्थविज्ञानाचा थोडा हात आहे. १९३७ मध्ये लंडनला 'आय, क्लॉडियस' चं चित्रीकरण चालू असताना मर्लला मोटार अपघात झाला आणि तो चित्रपट कायमचा बंद पडला. चेहऱ्यावर व्रण राहिले. १९४४ च्या 'द लॉजर' चा छायाचित्रकार लुसियन बॅलर्ड यानं कॅमेऱ्याच्या भिंगाला अगदी खेटून एक दिवा बसवला, ज्याचा उजेड सरळ चेहऱ्यावर पडे. व्रण दिसेनासे झाले. सिनेमावाले त्या दिव्याला तिच्या नावावरून 'ओबी' म्हणू लागले. (पुढच्या वर्षी दोघांनी लग्न केलं. ते टिकलं चार वर्षं. त्याआधी ती कोर्डाची बायको होती, आणि कोर्डाला 'सर' किताब मिळाल्यामुळे लेडी कोर्डाही. नंतर आणखी दोन लग्नं.)

यामागचं तत्त्व सोपं आहे. खडबडीतपणा आपल्याला दिसतो तो सावल्यांमुळे. उजेड बाजूनं आला की प्रत्येक खड्ड्याची, उंचवट्याची सावली पडते. उजेड जर बघणाऱ्याच्या नजरेच्याच रेषेत आला, तर सावली वस्तूच्या मागे जाते, नजरेला पडतच नाही. दुर्बिणीतून चंद्र बघा: अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं खोल, ठसठशीत दिसतात, पौर्णिमेला तोच चंद्र सपाट थाळीसारखा. विवरं कुठे जात नाहीत, उजेडाची दिशा बदलते. आमच्या लॅबमध्ये पातळ थरावरचे ओरखडे शोधायला आम्ही उलटं करतो, टॉर्च जवळजवळ आडवा धरतो.

आता नीतीचा प्रश्न, जो मेथडॉलॉजीच्या पेपरात चार गुणांसाठी घोकला जातो. शार्लट मर्लबरोबर लंडनला आली, तिच्याच घरात राहिली, आणि पाहुण्यांसमोर मोलकरीण म्हणून वावरली. ती १९३७ मध्ये वारली. १९४९ मध्ये मर्लनं एका जुन्या फोटोवरून तिची तैलचित्रं करून घेतली, त्यात रंग गोरा करवला, आणि ती चित्रं पुढे तिच्या घरांमध्ये लागलेली असत. हे वाचून मला पहिल्यांदा तिचा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की चित्र टांगायची काही गरज नव्हती; फोटो जाळून टाकला असता तरी चाललं असतं. रागाचं मी काय करू, ते अजून ठरलेलं नाही.

पण संशोधक म्हणून प्रश्न वेगळा आहे. जे माणूस आयुष्यभर लपवत होतं, ते उघड करायचा हक्क आपल्याला कधी येतो? मर्ल जिवंत असताना दाखला छापला गेला असता तर तिचं काम गेलं असतं, कदाचित त्याहूनही जास्त काही. हॅरीकडे कागद होता, आणि त्यानं तो तिच्याविरुद्ध कधी वापरला नाही. आज तुमच्यापैकी कुणी गावात जाऊन मुलाखती घेणार असेल, तर असे कागद तुमच्या हाती येणारच. जात, लग्न, दत्तक, आजार. 'नावं बदलली आहेत' एवढी तळटीप पुरत नाही. छोट्या गावात नाव बदलूनही माणूस तिसऱ्या वाक्यात ओळखू येतो. संमतिपत्रावर सही घेण्याआधी हे त्या माणसाला समजावून सांगायला वेळ काढा, आणि मुलाखत झाल्यावरही एखादं वाक्य मागे घ्यायची मुभा द्या. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाली म्हणजे ही जबाबदारी संपली असं होत नाही.

आता परत पहिल्या वाक्याकडे. 'पहिली आशियाई' हे बरोबर की चूक? ते 'आशियाई' कशाला म्हणता यावर ठरतं. वंश धरला तर मर्ल पहिली. जन्मस्थान धरलं तर मर्लच्या बरोबरीनं मुंबईत किंवा आशियात जन्मलेली युरोपीय माणसंही मोजावी लागतील, जे कुणालाच नको असतं. स्वतः सांगितलेली ओळख धरली तर मिशेल यो. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'पहिला', 'सर्वाधिक', 'ग्रामीण', 'तरुण', 'नॅनो' असे शब्द असतील तिथं हाच घोळ दबा धरून बसलेला आहे. व्याख्या आधी लिहा, मोजणी नंतर. मयूख सेन यांचं 'लव्ह, क्वीनी' हे मर्लचं चरित्र २०२५ मध्ये आलंय. वाचाल तेव्हा ते कुठल्या वाक्यासाठी कुठला पुरावा देतात, एवढंच बघत वाचा. मायकेल कोर्डाची 'क्वीनी' (१९८५) ही कादंबरी आहे हे मात्र विसरू नका. लेखक मर्लच्या नवऱ्याचा पुतण्या असला तरी कादंबरी ती कादंबरीच.

पुढच्या आठवड्यापर्यंत एक काम देते. वर मी बिनधास्त लिहिलं की ओबीचा दिवा अपघाताच्या व्रणांमुळे आला. काही ठिकाणी मात्र तिच्या चेहऱ्याची त्वचा १९४० च्या सुमारास सौंदर्यप्रसाधनांमुळे आणि सल्फा औषधांच्या ॲलर्जीमुळे खराब झाल्याचं दिलेलं आहे, म्हणजे दिव्याचं कारण तेही असू शकतं. मी लिहिलेलं वाक्य सगळीकडे सापडेल. तुम्हाला ते किती ठिकाणी सापडलं ते मला नका कळवू. सगळ्यात जुनं कुठे सापडलं, आणि तिथं ते कोण म्हणतंय, तेवढं खाली लिहा.